मैनेचा खरारा

मागच्या महिन्यात लातूरला भावाच्या नातवाची वरात निघाली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होते. माझे गुडघे आता वरातीबरोबर चालायला तयार नसतात, आणि खरं सांगायचं तर मलाही आता वरातींचा कंटाळा येतो. पांढरी घोडी भाड्याने आणली होती. अंगावर आरशांची झूल, डोक्यावर पिसांचा तुरा, पुढे डीजेची गाडी. दणका असा की छातीतली हाडं हलत होती. घोडी कान मागे पाडून उभी होती. तिच्या मालकाने दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले होते, तेवढीच त्याला तिची दया.

नवरदेव वर चढायच्या आधी मी उठून तिच्याजवळ गेले आणि मानेवर हात ठेवला. जुनी खोड, दुसरं काय. केस राठ होते, बोटं आत घातली तर मुळाशी मातीचा थर लागला. खोगिराच्या कडेला कातडं सोलवटलं होतं. मी मालकाला विचारलं, हिला खरारा करता का? उदगीरकडचा तरणा माणूस होता, हसला. म्हणाला, मावशी, आता कोन खरारा करतंय, पाइपानं पानी मारतो. मग माझा फोटो काढायचा असेल असं वाटून तो बिचारा बाजूला सरकला.

माझे थोरले भाऊ शेजारच्या खुर्चीत होते. त्यांना पंचाहत्तरावं लागलंय. नातू घोडीवर बसला, फेट्याचा शेमला सारखा केला, मोबाइल वर झाले, फटाक्यांची माळ लागली. तेवढ्या गोंधळात भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी चालत गेलो होतो." बस, एवढंच. त्यांच्या लग्नाला पन्नासावर वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच काढली.

दुसऱ्या दिवशी मी निघताना त्यांनी लोखंडी पेटी उघडली आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. सोडून पाहिलं तर खरारा. हातावर मावेल एवढा चौकोनी पत्रा, त्यावर लोखंडी दात्यांच्या पाच-सहा ओळी, आणि मागे हात अडकवायला चामड्याची पट्टी. पट्टी वाळून लाकडासारखी झाली होती. भाऊ म्हणाले, गावची जागा विकली तेव्हा छपराच्या खुंटीला तसाच लटकलेला सापडला, फेकवला नाही. तूच ने, किसनशी तुझंच जास्त पटायचं.

नांदेडला येताना एसटीत तो माझ्या पिशवीत होता. अहमदपूर गेलं, लोहा आलं, बाहेर काढणी झालेली रानं होती आणि मला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. ह्या खराऱ्याच्या धन्याला मी अकरा वर्षांची असताना एक शब्द खोटं बोलले होते. तो शब्द परत घ्यायचा राहिला होता. आता आम्हा दोघांपैकी आधी कोण जाईल सांगता येत नाही, म्हणून तो राहतो त्या मुदखेडला जायचं असं मी त्या एसटीतच ठरवलं.

आमचं गाव लोहा आणि कंधार यांच्या मधलं. वडिलांना आम्ही आणि सगळं गाव आण्णा म्हणायचं. आमची जमीन तीन ठिकाणी विखुरलेली, म्हणून आण्णांनी घोडी ठेवली होती. तांबूस अंग, काळी आयाळ, डाव्या मागच्या पायात पांढरा मोजा. नाव मैना. मला आठवतं तेव्हापासून ती होतीच, आणि तिच्याबरोबर किसनही होता.

किसन वेशीबाहेरच्या वस्तीतला. वीस-बावीस वर्षांचा असेल, पण मी त्याला किसनदादा म्हणायचे आणि तो मला, अर्ध्या वयाच्या पोरीला, आक्का म्हणायचा. सकाळी उजाडलं की खरारा सुरू व्हायचा. खर्र, खर्र, मग थांबायचा, खरारा दगडावर आपटायचा, धूळ झटकायचा, पुन्हा खर्र. त्या आवाजानं मला जाग यायची. मानेपासून सुरुवात, मग खांदा, पाठ, पोट, आणि पोटाशी आला की हात हलका. मैना तिथे कातडी थरथरवायची आणि खालचा ओठ लोंबता सोडायची. उन्हाच्या तिरिपेत तिच्या अंगावरची धूळ तरंगत असायची. त्या धुळीला घामाचा, कडब्याचा आणि ओल्या लिदीचा वास होता. तो वास मला घाण कधीच वाटला नाही, आजही वाटत नाही. कुठे घोडा दिसला तर मी अजून नाक पुढे करते, लोक काय म्हणतील ते म्हणोत.

तोबऱ्यात भिजवलेले हरभरे घालून तो तिच्या तोंडाला बांधायचा आणि ती खात असताना तिच्याशी बोलत राहायचा. काय बोलायचा ते फारसं काही नसायचं. "आज वारं हाय लई," असं काहीतरी. ओढ्यावर पाण्याला न्यायचा तेव्हा लगाम हातात धरून तिच्या बाजूने चालायचा. मला मात्र वर बसवायचा. तिच्या पाठीवरून मी गाव बघितलं, कौलांवरचे वाळत घातलेले पापड, भिंतीपलीकडची भांडणं, सगळं. किसनदादाला वर बसलेला मी एकदाही पाहिला नाही, आणि त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

गावात घोडी एकच. त्यामुळे लग्नसराईत मैना आमची राहायची नाही. ज्याच्या घरी लग्न त्याने आदल्या दिवशी येऊन आण्णांना सांगायचं, आण्णांनी हो म्हणायचं. भाडं वगैरे काही नाही. किसनदादा तिला न्हाऊ घालायचा, खुरांना तेल लावायचा, आयाळीची वेणी घालायचा. घरची सवाष्ण तिच्या पायावर पाणी घालून कपाळाला हळदकुंकू लावायची आणि मगच नवरदेव चढायचा. वेशीपासून मारुतीपर्यंत आणि मारुतीपासून नवरदेवाच्या दारापर्यंत. घोडी परत यायची ती नारळ आणि ओंजळभर हरभरा घेऊन. नारळ आईकडे, हरभरा मैनेला. सराई संपेपर्यंत तिचं कपाळ पिवळंच असायचं. गावातला प्रत्येक नवरदेव तिच्या पाठीवर बसून गेला, असं आण्णा मोठ्या अभिमानाने सांगायचे. प्रत्येक म्हणताना त्यांच्या डोळ्यासमोर वेशीच्या आतलंच गाव असायचं, हे कळायला मला वेळ लागला.

पुढे तीस वर्षं मी नांदेडच्या एका शाळेत इतिहास शिकवला. घोडा आला आणि माणूस लांब गेला, हे मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. गलबतांतून अरबी घोडे उतरायचे, मग घाट चढून दख्खनला यायचे. ज्याच्या पागेत घोडे जास्त त्याचं राज्य मोठं. कंधारच्या किल्ल्यावर सहल नेली की मी मुलांना पडक्या भिंतींपुढे उभं करून हेच सांगायचे. मुलं ऐकायची, काही जांभया द्यायची. पुस्तकातल्या प्रत्येक चित्रात घोड्यावर कुणीतरी बसलेलं असतं. लगाम धरून खाली उभा राहिलेला माणूसही चित्रात असतो, पण त्याचं नाव खाली छापलेलं नसतं आणि त्याच्यावर प्रश्नही येत नाही. मी पण कधी काढला नाही. काढायला हवा होता.

किसनदादाचं लग्न माघात ठरलं. नुकतीच माळेगावची जत्रा होऊन गेली होती. दरवर्षी आण्णा मैनेला जत्रेत न्यायचे, विकायला नाही, मिरवायला. खंडोबाचा भंडारा, घोड्यांच्या रांगा, तंबूंमधून येणारा तळलेल्या भज्यांचा वास. किसनदादा पाचही दिवस तिच्या पायाशीच पथारी टाकायचा. त्या वर्षी मीही गेले होते. परत आल्यावर आठवड्याभरात एके सकाळी तो खरारा संपवून, हातपाय धुऊन, डोक्याचं मुंडासं हातात घेऊन ओसरीच्या पायरीखाली उभा राहिला. ओसरीवर आण्णांबरोबर गावातली तीन माणसं बसली होती. मी दारात तांदूळ निवडत होते.

त्याने फार काही मागितलं नाही. गावातून वरात नेणार नाही, मारुतीकडेही येणार नाही, असं त्याने आधीच सांगून टाकलं. वस्तीच्या विहिरीपासून त्याच्या घरापर्यंत, म्हणजे हाकेच्या अंतरावर, तेवढ्यापुरती मैना मिळाली तर बघा, असं तो म्हणाला. "मीच तिला सजवीन मालक, मीच परत आनून बांधीन," असंही म्हणाला. बसलेल्या माणसांपैकी एकाने तंबाखू मळायची थांबवली.

आण्णा वाईट माणूस नव्हते. हे मी मुलगी म्हणून म्हणते असं वाटेल, वाटो. त्यांनी त्या माणसांकडे पाहिलं, मग किसनदादाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "अरे, दिली असती. पर ती गाभण हाय. जत्रेत घोड्याला दाखवून आनली."

अंगणात मैना शेपटीने माश्या हाकत उभी होती. किसनदादाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आण्णांकडे. मुंडासं डोक्याला गुंडाळलं. "हाव मालक," तो म्हणाला, "मग जपाया पायजे तिला." आणि तो गेला. आईने त्या दुपारी आण्णांना एवढंच विचारलं, की नाही म्हणायचं तर नाही म्हणायचं, खोटं कशाला? आण्णा म्हणाले, मला ह्या गावात राहायचंय.

दुसऱ्या दिवशी खराऱ्याचा आवाज आला तेव्हा मी नेहमीसारखी छपराकडे धावत गेले. तो पोटाशी आला होता. हात हलका. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "आक्का, तुमी व्हत्या जत्रेत. हाय का वो मैना गाभण?"

मला माहीत होतं. आईचं बोलणं मी ऐकलं होतं, आणि जत्रेत मैना एकदाही खुंट्यावरून हलली नव्हती हेही मी पाहिलं होतं. त्याला तर माझ्याहून जास्त माहीत होतं. तो माहिती विचारत नव्हता. त्या घरातलं एक तरी तोंड खरं बोलतं का, ते बघत होता. हे मी आज सांगते, तेव्हा मी मैनेच्या पोटावरून फिरणारा खरारा बघत होते. मी आण्णांची मुलगी. मी म्हणाले, "हाव."

त्याने खरारा दगडावर आपटला, धूळ झटकली आणि पुन्हा कामाला लागला. त्यानंतर ओढ्यावर जाताना त्याने मला मैनेच्या पाठीवर बसवलं नाही. गाभणीवर बसू नये, म्हणाला.

किसनदादाचं लग्न झालं. वस्तीत ताशा वाजला तो आमच्या अंगणापर्यंत ऐकू आला. मैनेने कान टवकारले, पाय आपटला; ताशा म्हणजे आपलं काम, एवढं तिला कळत होतं. नवरा-नवरी विहिरीपासून घरापर्यंत चालत गेली.

मग ते विचित्र महिने सुरू झाले. खोटं बोलायला एक क्षण पुरतो, पण घोडीच्या गाभणपणाला अकरा महिने लागतात, आणि आण्णांनी तर ते चारचौघांत बोलून ठेवलेलं. किसनदादाने ते खोटं उचललं आणि जपलं. अगदी मनापासून. लगेच सराई लागली, लोक घोडी मागायला येऊ लागले, आणि आण्णा तोंड उघडायच्या आत तो छपरातून म्हणायचा, "मैना गाभण हाय न्हवं, कशी देनार?" आण्णा शेतावर जायला निघाले की तो खोगीर द्यायचाच नाही. मालक, पोटाला ताण बसंल. आण्णा चपला घालून पायी जायचे, लोह्याच्या बाजाराला एसटीने जायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. त्याला कामावरून काढावं तर कारण काय सांगणार? घोडीला जिवापाड जपतो म्हणून?

आणि किसनदादाची नवी नवरी, सुभद्रा. सतरा-अठराची असेल. सावळी, हातभर हिरवा चुडा, बोलताना पदराचं टोक दातात धरणारी. ती संध्याकाळी नवऱ्याबरोबर यायची ती छपराच्या बाहेर उभी राहायची. पदराच्या गाठीत काहीतरी बांधून आणलेलं असायचं. मूठभर हरभरे, गुळाचा खडा, कधी अर्धी भाकरी. ती मैनेच्या ओठांपुढे तळहात धरायची आणि मैना ते हळूच टिपायची. पावसाळ्याच्या तोंडाशी कळलं, सुभद्राला स्वतःलाच दिवस गेले होते. तिचे गाल बसले, डोळे मोठे दिसू लागले, पण गाठ काही चुकली नाही. आईने एकदा तिला रागावलं, तू खा, घोडीला आम्ही घालतो. ती लाजून म्हणाली, "आमी दोगी संगंच मोकळ्या व्हनार बगा." आई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्याआधी वैशाखात भाऊंचं लग्न झालं होतं. मुलगी उदगीरची, लग्न तिकडे. परत येताना वऱ्हाड वेशीपाशी उतरलं. आण्णांनी ठरवलं असावं की आता पुरे. त्यांनी मैनेला वेशीपाशी आणायला सांगितलं होतं, आणि किसनदादाने आणलीही. वेणी घातलेली, तेल लावलेलं, अंग आरशासारखं. सगळं गाव जमलं होतं. आई तांब्या घेऊन पुढे झाली. भाऊंनी रिकिबीत पाय घातला. तेव्हा किसनदादा लगाम न सोडता, अगदी हळू आवाजात, पण पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मालक, गाभणीवर नवरदेव बसवत न्हाईत. घरात अपशकुन व्हतो. तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, गाभण हाय म्हनून?"

ताशेवाले थांबले. ओसरीवर त्या दिवशी बसलेली तीनही माणसं तिथे होती, तंबाखू मळणाराही होता. आण्णांना दोनच वाटा होत्या. मी खोटं बोललो म्हणायचं, किंवा पोराला खाली उतरवायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आण्णांच्या कानशिलांवरून घाम उतरताना मी पाहिला. ते म्हणाले, "बरोबर हाय. उतर खाली." भाऊंनी पाय काढून घेतला. नवी वहिनी आणि ते वेशीपासून घरापर्यंत चालत आले, आणि मागून किसनदादा रिकामी मैना घेऊन आला. वरातीमागून घोडं म्हणतात ते मी त्या दिवशी खरोखरीचं पाहिलं. कुणी हसलं नाही.

दसऱ्याला मैनेची पूजा झाली. दिवाळीपर्यंत सुभद्राचं पोट चांगलंच पुढे आलं. मैनेचं दिसत नव्हतं. लोक बोलायचे, कुणी म्हणायचं शिंगरू बारीक असेल, कुणी नुसतंच खाकरायचं. पुन्हा माळेगावची जत्रा आली, अकरा महिने भरून वर दिवस गेले होते, आणि आण्णा एका सकाळी स्वतः मैनेला सोडून घेऊन गेले. किसनदादाला बरोबर घेतलं नाही. चार दिवसांनी परतले तेव्हा त्यांच्या खांद्यावर नुसता लगाम होता. कुणाला दिली, कुठल्या गावाला, काही सांगितलं नाही. सुभद्रा त्याच आठवड्यात बाळंत झाली, मुलगा झाला. बाजेवर पडल्या पडल्या तिने आईकडे निरोप पाठवला, मैनेला काय झालं? आईने सांगून पाठवलं, तिकडेच विकली, ठाऊक नाही.

किसनदादा एकदा येऊन गेला. रिकामं छप्पर झाडलं, तोबरा घडी करून ठेवला, खरारा खुंटीला अडकवला. महिन्याभरात मुदखेडला रुळांच्या कामावर लागला आणि बायकोपोराला घेऊन गेला. आण्णांनी पुन्हा घोडी घेतली नाही. पुढे फटफटी आली. म्हातारपणी ते छपराकडे तोंड करून बसायचे, तिथे मी त्यांना पाहिलं की वाटायचं, विचारावं. विचारलं नाही. मैना कुठे मेली, कुणाच्या दारात, हे त्यांच्याबरोबरच गेलं. सकाळी जाग यायची ती पुढे घड्याळानेच.

गेल्या मंगळवारी मी नांदेडहून सकाळच्या गाडीने मुदखेडला उतरले. अर्ध्या तासाचा रस्ता, आणि मला तो कापायला पन्नासावर वर्षं लागली. किसनदादाचा मुलगा रेल्वेतच लागला, आता तोही पन्नाशी ओलांडून गेलाय. स्टेशनमागे त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. दारात बाजेवर एक म्हातारा तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. मी नाव सांगितलं. त्याने डोळे बारीक केले. "आक्का का?" म्हणाला, "या. बसा." तो बाजेवरून उठला नाही, थोडा सरकला. गावात तो आमच्यासमोर कधी बसला नव्हता. हे माझ्या लक्षात आलं आणि लक्षात आल्याचीच मला लाज वाटली.

मी पिशवीतून खरारा काढून त्याच्या हातात दिला. त्याने पट्टीत हात घालून पाहिला. बोटं सांध्यांत सुजलेली, शिरेनात. त्याने अंगठ्याने दाते चाचपले. तीन पडलेत, म्हणाला. भाऊंची चौकशी केली, आण्णा कधी गेले ते विचारलं. मग मी गाडीत मनाशी घोकलेलं वाक्य काढलं.

"किसनदादा, तुम्ही मला विचारलं होतं, मैना गाभण आहे का. मी हाव म्हणाले होते. ते खोटं होतं."

तो खराऱ्याकडेच बघत होता. "आक्का, मला कामून सांगून राहिल्या? म्या पाच दिस तिच्या पायाशी झोपलो व्हतो." मग त्याने घराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "हिला ठाऊक न्हाई. नव्या नवरीला काय सांगनार, का तुज्या नवऱ्याला बसू दिलं न्हाई म्हनून? गाभण हाय, असंच म्या बी सांगितलं. पुन्ना कदी सांगावं वाटलं न्हाई." शेंगांची टोपली त्याने बाजूला सारली. "तुमच्या घरचं हाय ते. आता आल्याच तर तुमीच सांगा हिला."

सुभद्रावहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. केस पांढरे, हातात काचेच्या दोनच बांगड्या. मला ओळखायच्या आधी त्यांनी खरारा ओळखला. "मैनेचा हाय का वो?" त्यांनी विचारलं, आणि तोंडभर हसल्या. मग माझ्या हातात कप देता देता, जणू गेल्या आठवड्यातलीच गोष्ट, "शिंगरू काय झालं व्हतं वो तिला? घोडा का घोडी? ह्येंना इचारलं तर काईच सांगत न्हाईत."

मला वाटलं, घोडी म्हणावं. काय बिघडणार होतं? ती बाई आनंदाने आत गेली असती आणि मी दुपारच्या गाडीने घरी. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. मैना गाभण नव्हती. तुमच्या वरातीला द्यायची नव्हती म्हणून आण्णा खोटं बोलले, आणि यांनी विचारलं तेव्हा मीही खोटं बोलले. एवढंच होतं, सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

वहिनी ताटली हातात धरून उभ्या राहिल्या.

"मंग म्यां दहा म्हैने कुनाला चारलं?"

"मैनेला चारलंस," किसनदादा म्हणाला. "खाल्लं न्हवं तिनं?"

"मैनेला न्हाई. पोटातल्याला चारलं म्यां. माज्या वाटचं व्हतं ते." त्या बाजेच्या कडेला टेकल्या. नवऱ्याच्या हातातून त्यांनी खरारा घेतला, मांडीवर ठेवला, आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. "आक्का, तवा तुमी किती वर्साच्या व्हता?"

"अकरा."

"अकरा म्हंजे कळत व्हतं की तुमाला."

"हाव," मी म्हणाले.